उन्हाळा लागला की टर्नटेबल पुन्हा घुमतं: डायरेक्ट-ड्राइव्ह मशीन, हमिंग आणि गावाकडची वीज

नागपूरच्या दुकानात टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, छान वाजतं. गावी आणून लावलं की घूंऽऽ. पुन्हा नागपूरला नेलं तर मेकॅनिक म्हणतो, ‘याले काहीच झालं नाही जी.’ तोही खोटं बोलत नसतो. दिवाळीच्या सुमारास आवाज साफ असतो. होळी झाली की हमिंग परत येतं, सुई एखाद्या जागी अडून तीच ओळ घोळवत बसते, आणि पावसाळा मुरला की थोडं आपोआप बरंही होतं. यवतमाळ, वाशिम, वर्धा इकडच्या खेड्यांतून ही तक्रार इतकी ऐकली आहे की आता मी मशीन उघडण्याआधी घराचा बोर्ड उघडायला सांगतो. माझा धंदा पंपाच्या मोटरा भरायचा, रेकॉर्डचा नाद वेगळा. पण या दुखण्यात पंपाचा अनुभवच जास्त कामी आला.

जे मशीन दुकानात बरं आणि घरी आजारी, त्याचं दुखणं घरात असतं. उन्हाळ्यात आपल्या घरात बऱ्याच गोष्टी एकदम बदलतात. अर्थिंगचा खड्डा वाळतो, कूलर लागतो, संध्याकाळी व्होल्टेज बसतं, आणि काळ्या जमिनीवरची फरशी हलते. टीव्हीला, मोबाइलच्या चार्जरला यातलं काही जाणवत नाही. टर्नटेबलला सगळं जाणवतं. कारण साध्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसलेल्या त्या छोट्या डबीतून, निघणारा सिग्नल तीन ते पाच मिलिव्होल्टचा असतो. तो अँप्लिफायरला चालेल इतका मोठा करायचा म्हणजे त्याच्यासोबत आलेला कचराही तितकाच मोठा होतो. त्यातून रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि वाजवताना फोनो प्रीअँप, म्हणजे सुईचा बारीक सिग्नल आधी मोठा करणारा भाग, तो परत उचलतो. या उचलण्याचा हिशेब आरआयएए नावाच्या ठरलेल्या वक्राप्रमाणे चालतो, आणि त्यात ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट, जास्त उचल मिळते. आपल्या विजेची वारंवारिताही नेमकी ५० हर्ट्झ. विजेची जराशी घाण सिग्नलमध्ये शिरली की तिला सातपट मान.

आधी मशीन कोणतं, ते

बेल्टवरचं टर्नटेबल म्हणजे पट्ट्यावर चालणारी पिठाची चक्की, डायरेक्ट-ड्राइव्ह म्हणजे मोनोब्लॉक पंप. मधे पट्टा नाही, पुली नाही. मोटरची दांडी तीच थाळीची दांडी. मोटर मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, आणि चांगल्या मशीनमध्ये तिचा वेग विजेच्या ५० हर्ट्झवर नाही तर आतल्या क्वार्ट्झ क्रिस्टलवर बांधलेला असतो. शहरातले शौकीन बेल्टच्या बाजूने बरंच बोलतात. त्यांच्या घरी एसी असतो. इकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास फिरतो आणि टिनाच्या खोलीत त्याहून वर. रबराचा पट्टा त्या गरमीत ढिला पडतो, चिकटतो, मग गाणं रडल्यासारखं लांबतं, आणि नवा पट्टा मागवायचा तर मापावरूनच निम्मी भांडणं. गावात राहून रोज ऐकायचं असेल तर माझं मत सरळ डायरेक्ट-ड्राइव्हच्या बाजूने आहे.

हे तंत्र काही नवं नाही. टेक्निक्सने एसपी-१० हे पहिलं डायरेक्ट-ड्राइव्ह मशीन १९७० मध्ये बाजारात आणलं, १९७२ मध्ये एसएल-१२०० आलं आणि १९७९ मध्ये त्याचं क्वार्ट्झ लॉकवालं एमके२. या घराण्याचं उत्पादन २०१० मध्ये थांबलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. म्हणून जुन्या बाजारात फिरणारी बहुतेक यंत्रं मधल्या तीस वर्षांतली असतात, आणि त्यांतली बरीचशी डीजेच्या हातून निघालेली. डीजेचं मशीन वाईट असं नाही. फक्त त्याचा पिच स्लाइडर, म्हणजे वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी, मधोमध घासून खराब झालेला असतो, केबल तुटत आलेली असते आणि थाळीवर पातळ फेल्टची चकती असते. ही चकती कोरड्या हवेत स्टॅटिक तयार करते आणि रेकॉर्ड उचलली की तिच्यासोबत वर येते. घरी रबराची मॅट टाका.

नवं घ्यायचं तर दोन गोष्टी पेटीवर वाचा: आत फोनो प्रीअँप आहे का, आणि कार्ट्रिज सोबत येते का. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी१२०एक्स-यूएसबीमध्ये दोन्ही आहेत. टेक्निक्सच्या एसएल-१५००सी मध्येही दोन्ही आहेत, शिवाय पिच स्लाइडर नाही, आणि घरी ऐकणाऱ्याला तो लागतही नाही. एसएल-१२०० एमके२ किंवा एमके७ घेतलं तर कार्ट्रिज वेगळी, प्रीअँप वेगळा.

जुनं घेताना मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जपानमधून आलेलं मशीन १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतून आलेलं १२० चं. आपल्या २३० वर लावलं की आतला ट्रान्सफॉर्मर गेला. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, पण एक दिलासा आहे: क्वार्ट्झवालं डायरेक्ट-ड्राइव्ह विजेच्या हर्ट्झवर वेग ठरवत नाही, त्यामुळे व्होल्टेज जुळलं की वेग बरोबर. अमेरिकेतलं ६० हर्ट्झच्या सिंक्रोनस मोटरचं बेल्टवालं मशीन मात्र आपल्या ५० वर ३३⅓ ऐवजी २७.८ फेऱ्यांनी फिरतं आणि बाईचा आवाज बाप्याचा होतो.

आर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीचा, झोल पाहायला विसरू नका. हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचा कार्ट्रिज बसते तो भाग, दोन बोटांत हलकं धरा, पुढे-मागे आणि आडवं किंचित हलवा. बेअरिंगमध्ये ‘टिक’ जाणवली तर मशीन कितीही चकचकीत असो, सोडून द्या. मोटर सहसा जात नाही; आर्म जातो, कारण ट्रकमधून येताना तो बांधलेला नसतो.

हमिंग: मशीन, वायर की घर?

आता मुख्य दुखणं. आधी हे ठरवायचं की आवाज विजेचा आहे की थरथरीचा. दोन्ही घूंच करतात आणि दोघांचा इलाज वेगळा आहे.

थाळी बंद ठेवा, रेकॉर्ड ठेवा, सुई रेकॉर्डवर टेकवा आणि आवाज हळूहळू वाढवा, रोज ऐकता त्याच्या थोडा वर. एका टप्प्यानंतर घूं स्वतःहून फुगत गेला आणि आवाज कमी करताच विरला, तर तो स्पीकरचा आहे. स्पीकरची थरथर टेबलातून सुईत आणि सुईतून परत स्पीकरमध्ये. स्पीकर आणि मशीन एकाच शोकेसवर असतील तर दुसरं काही शोधूच नका. स्पीकर खाली उतरवा, नाहीतर मशीन दुसऱ्या जागी न्या.

आता सुई उचलून आर्म जागेवर ठेवा. घूं तसाच राहिला तर तो विजेचा. अँप्लिफायर बंद करून टर्नटेबलच्या दोन्ही आरसीए पिना (आवाजाच्या वायरींच्या) काढा आणि पुन्हा चालू करा. पिना काढूनही घुमत असेल तर अँप्लिफायर तपासा, बहुतेक वेळा फिल्टर कपॅसिटर सुकलेला निघतो. पिना लावल्यावरच घुमत असेल तर आर्मच्या धातूला बोट लावून पाहा. बोट लावताच आवाज कमी-जास्त झाला तर अर्थची बारीक तार लागलेली नाही. टर्नटेबलमागून आरसीएच्या सोबत एक सुटी तार येते, टोकाला दोन पायांची चिमटी असलेली. ती अँप्लिफायरच्या किंवा प्रीअँपच्या ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूखाली कसायची. बरेच जण ती ‘जास्तीची’ समजून गुंडाळून ठेवतात.

एकाच बाजूने घुमत असेल तर हेडशेल काढा. मागे चार छोट्या पिना दिसतील. त्यांवर काळपट थर असतो. शाळेच्या खोडरबराने हलके पुसा, कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, परत बसवा. कार्ट्रिजच्या चार तारांचे रंग ठरलेले आहेत: पांढरा डावा, निळा डाव्याचा अर्थ, लाल उजवा, हिरवा उजव्याचा अर्थ. एखादी सैल असेल तर चिमट्याने किंचित दाबा, पण कार्ट्रिज हेडशेलसकट हातात घेऊन, आर्मला लटकलेली असताना नाही. आणि मागची केबल उंदराने कुरतडली नाही ना, हेही पाहा. हसू नका, तूर-हरभऱ्याची पोती ज्या खोलीत, त्याच खोलीत रेकॉर्ड प्लेयर, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत.

मशीन हळूच उचलून हातभर बाजूला सरकवलं आणि हमिंग उतरलं, तर कार्ट्रिज शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडते आहे. अँप्लिफायरवर टर्नटेबल ठेवणं हा त्याचा नेहमीचा प्रकार. स्टॅबिलायझर शेजारच्या स्टुलावर ठेवणं हा दुसरा. आणखी एक: ‘फोनो/लाइन’ असं बटण असलेल्या मशीनचं बटण ‘फोनो’वर आणि वायर अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये असली तर आवाज बारीक, पातळ येतो, मग आपण व्हॉल्यूम वर ओढतो आणि हमिंगही वर येतं. उलट केलं, म्हणजे ‘लाइन’वरून ‘फोनो’मध्ये, तर आवाज फाटतो. दोनदा प्रीअँप लावायचा नसतो.

एवढं सगळं बरोबर असूनही उन्हाळ्यातच घुमत असेल तर घराकडे वळा.

पहिला संशय कूलर. कूलरचा पंखा आणि पाण्याचा छोटा पंप, दोन्ही मोटरा, आणि त्यांचं टिनाचं अंग कायम ओलं. जुन्या पंपातून करंट थोडाफार गळतोच. कूलर आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावर असतील आणि त्या बोर्डाचा अर्थ जमिनीपर्यंत पोहोचत नसेल, तर गळणारा करंट हिरव्या तारेतून अँप्लिफायरच्या पत्र्यावर येऊन बसतो. तिथून त्याला जिथून वाट मिळेल तिथून तो जातो, बहुतेक वेळा डिशच्या केबलच्या जाळीतून. वाटेत आपले मिलिव्होल्ट. म्हणून पडताळणी सोपी आहे. कूलरचा प्लग पूर्ण काढा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. फरक पडला? मग डिशची केबल सेटटॉप बॉक्समधून सोडवा. पुन्हा फरक पडला? मग रोग सापडला.

आर्णीजवळच्या एका गावात वायरमनला विचारलं, ‘भाऊ, अर्थिंग हाय ना?’ तो म्हणाला, ‘हाय ना जी, हे काय हिरवी तार.’ बोर्ड उघडला. तिन्ही सॉकेटच्या हिरव्या तारा एकत्र पिळून, वर काळी टेप गुंडाळून, भिंतीतल्या पाइपात कोंबलेल्या. पुढे कुठेच गेलेल्या नव्हत्या. बाहेर अर्थिंगचा खड्डा होता, त्यात जीआय पाइपही होता, फक्त त्या पाइपाला लागलेली तार मीटरपाशी गंजून तुटून लोंबत होती. ही एकट्या त्या गावाची गोष्ट नाही. शौचालयाचं काम निघालं, अंगण उकरलं, तार तुटली, कोणाला कळलं नाही, कारण दिवे तर लागतात.

आणि खड्डा शाबूत असला तरी काळी जमीन उन्हाळ्यात दगा देते. वाळली की ती आक्रसते, भेगा पडतात, आणि पाइपाच्या आजूबाजूची माती पाइपाला सोडून देते. रोधकता वाढते. मीठ-कोळशाचा खड्डा केलेला असला तरी त्याला ओल हवी. होळीपासून पाऊस येईपर्यंत दर आठवड्याला संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी टाका. कूलरच्या टाकीतलं साचलेलं पाणी बदलताना तेच तिकडे नेऊन ओतलं तरी चालतं. पाणी टाकल्यावर वायरमनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या. फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज फेज-न्यूट्रलच्या जवळपास आलं पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थमधलं दोन-चार व्होल्टच्या आत असलं पाहिजे. तिथे पन्नास-साठ दिसले तर हमिंगची गोष्ट नंतर, आधी जिवाची. कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात आणि घरचे म्हणतात, ‘चप्पल घालून लाव’, अशा घरात तर मशीन लावण्याआधी अर्थिंग करा. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसं जातात.

दोन ‘इलाज’ मात्र कोणी कितीही सांगितले तरी करू नका. सॉकेटची अर्थ पिन न्यूट्रलला जोडायची नाही. डीपीवर न्यूट्रल सुटली की सगळ्या पत्र्यांत करंट येतो. आणि तीन पिनांच्या अँप्लिफायरची जाड पिन कापायची नाही. हमिंग जातं हे खरं, त्याच्यासोबत संरक्षणही जातं.

लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करताना हमिंग येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर करून पाहा. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं.

सुई उडते किंवा अडते

एकाच रेकॉर्डवर एकाच जागी होत असेल तर तो ओरखडा आहे, मशीनला बोल लावू नका. सगळ्या रेकॉर्डींवर होत असेल तर पाणसळ आणा. गवंड्याकडची चालेल. ती थाळीवर, मॅट काढून, आधी एका दिशेने आणि मग काटकोनात ठेवा. मशीनचे पाय फिरवून कमी-जास्त होतात. बुडबुडा मधे येईपर्यंत फिरवा.

आता इथे पुन्हा काळी जमीन. खालची माती पाणी पिऊन फुगते, वाळून आक्रसते, आणि तिच्यावर मुरूम टाकून बसवलेली फरशी तिच्याबरोबर वर-खाली होते. भिंतींना तिरप्या भेगा पडतात त्या यामुळेच. दिवाळीत अगदी लेव्हल केलेलं टेबल एप्रिलमध्ये एका बाजूला कललेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही पण दोन ग्रॅमवर चालणाऱ्या सुईला कळतं. म्हणून लेव्हल वर्षातून दोनदा पाहायची, होळीनंतर एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा. भिंतीचा पाया बहुधा खाली मुरमापर्यंत गेलेला असतो, त्यामुळे विटांच्या भक्कम भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर कडप्प्याचा तुकडा टाकला तर फरशीवरच्या टेबलापेक्षा ते जास्त स्थिर राहतं. मातीच्या भिंतीत हे करू नका. एमके२ साडेबारा किलोचं आहे. जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर मशीन असेल तर भिंतीच्या कडेला, तुळईच्या वर ठेवा, खोलीच्या मध्ये ठेवलं तर कोणी चाललं तरी सुई उडते. आणि कूलर ज्या खिडकीत आहे त्याच भिंतीवर ब्रॅकेट ठोकू नका.

लेव्हल झाली की सुईवरचा भार. आधी अँटिस्केट, म्हणजे आर्मची आत ओढ तोलणारं बटण, शून्यावर. सुईचं झाकण काढून मागचं वजन फिरवत जा, जोवर आर्म हवेत आडवा तरंगत नाही. इथे घाई नको. सुई थाळीला घासू देऊ नका, थोडं फिरवा, हात सोडा, पाहा, पुन्हा फिरवा. तरंगला की आर्म जागेवर अडकवा, वजनावरची अंकांची रिंग तेवढी शून्यावर आणा, आणि मग पूर्ण वजन फिरवून कार्ट्रिजच्या कागदावर दिलेला आकडा घ्या. एटी-व्हीएम९५ई साठी २ ग्रॅम, ऑर्टोफॉन २एम रेडसाठी १.८. अँटिस्केटही तेवढ्याच आकड्यावर. पडताळायला सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा मिळतो, पण त्याची वरची पट्टी लोखंडी नसावी. कार्ट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं आणि आकडा खोटा येतो.

सुई आतल्या बाजूला पुढे उडत असेल तर अँटिस्केट कमी आहे किंवा मशीन आत कललेलं आहे. मागे येऊन तीच ओळ घोळत असेल तर उलट. भार कमी पडला तर दोन्ही होतं. आमच्या आधीच्या पिढीने यावर हेडशेलवर चार आण्याचं नाणं ठेवण्याचा तोडगा काढला होता, आणि जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजच्या जड आर्मवर तो खपूनही जायचा. या मशीनवर त्या नाण्याने सुईवरचा भार दुपटीच्या वर जातो, सुईची दांडी बसते आणि रेकॉर्डचे वरचे स्वर कायमचे घासले जातात.

कार्ट्रिज हेडशेलमध्ये किती पुढे-मागे बसवायची हे टेक्निक्सच्या एस आकाराच्या आर्मवर सोपं आहे. हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर. शाळेच्या पट्टीने मोजा, कार्ट्रिज सरळ ठेवा, स्क्रू आळीपाळीने कसा.

वेग हलतो

थाळीच्या कडेवरचे ठिपके लाल उजेडात थांबलेले दिसले की वेग बरोबर. एमके२वर ठिपक्यांच्या चार ओळी आहेत. स्लाइडर शून्यावर असताना त्यांतली तिसरी ओळ, मोठ्या ठिपक्यांची, स्थिर दिसली पाहिजे. बाकीच्या सरकतात, घाबरू नका. इतर मशीनसाठी कागदाची स्ट्रोब चकती मिळते: आपल्या ५० हर्ट्झला ३३⅓ साठी १८० रेघांची. ६० हर्ट्झची चकती २१६ रेघांची असते, ती इथे खोटं सांगते. ही चकती एलईडी दिव्याखाली बघू नका, बरेच एलईडी विजेच्या ठेक्यावर लुकलुकत नाहीत. जुना चोकवाला ट्यूबलाइट चालतो.

वेग मधेच हलत असेल तर आधी स्लाइडर. रोज दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, धूळ मोकळी होते. नाही झाली तर कॉन्टॅक्ट क्लीनर. तरीही नाही तर व्होल्टेज. क्वार्ट्झवाल्या मशीनला २३० चे २०० झाले तरी काही फरक पडत नाही, आतलं रेग्युलेटर सांभाळून घेतं. पण शेतीच्या फीडरला थ्री फेज आली आणि डीपीवरचे सगळे पंप एकदम ऑटो स्टार्टरवर उठले की गावात १५०-१६० व्होल्ट मी मोजले आहेत. तिथे रेग्युलेटर हात टेकतं. स्टॅबिलायझर लावा, हाय-कटवाला, म्हणजे व्होल्टेज फार चढलं की वीज तोडणारा, कारण न्यूट्रल सुटली की हेच व्होल्टेज एका क्षणात तीनशेच्या वर जाऊ शकतं. टर्नटेबलला फार मोठा लागत नाही, एमके२ची गरजच पंधरा वॅटच्या आत आहे; अँप्लिफायर धरून हिशेब करा. आणि तो मशीनपासून चांगला दूर ठेवा, वर सांगितलंच.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर ऐकू नका. ट्रान्सफॉर्मर चरचर करतो आणि ती चरचर स्पीकरमध्ये येते. साइन वेव्हचा असेल तर खुशाल. लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर आधी सुई उचला, मग मेणबत्ती शोधा.

थाळी काढायची वेळ आली तर प्लग काढून. टेक्निक्समध्ये खाली मोटरचं मोठं चुंबक थाळीलाच चिकटलेलं असतं. ती थाळी वाइंडिंगच्या दुकानात लोखंडाच्या किसाजवळ उलटी ठेवली तर सगळा कीस त्यात. गाडीने न्यायचं असेल तर थाळी, मागचं वजन आणि हेडशेल वेगळं करून, आर्म त्याच्या चिमट्यात बांधून न्या.

धूळ, पाणी आणि जुन्या तबकड्या

सोयाबीन निघताना मळणीयंत्राचा भुसा आणि नंतर कापसाची रुई, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी सुईला रोज पुसावं लागतं. मागून पुढे, आडवं नाही. मशीन वाजतानाही झाकण लावून ठेवा; झाकणामुळे आवाज बिघडतो म्हणणारे जिनिंगशेजारी राहत नसावेत. मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की रेकॉर्ड पाकिटातून काढताना चटचट होते. त्या दिवसांत कूलर हमिंग देतो, पण हवेतला ओलावा वाढवून स्टॅटिकची करकर कमीही करतो.

रेकॉर्ड बोअरच्या पाण्याने धुवू नका, खारपाणपट्ट्यात तर मुळीच नाही. पाणी वाळतं आणि क्षार खाचेत राहतो. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. रेकॉर्डी उभ्या ठेवा, टिनाखालच्या माळ्यावर ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीतही नाही. व्हिनाइल एका दुपारीत वाकतं.

घरोघरी ज्या जुन्या जड तबकड्या निघतात त्या बहुतेक लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या. आपल्याकडे त्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे वय पाहून अंदाज करू नका, मधल्या लेबलवर फेरे वाचा. त्यांना अल्कोहोल अजिबात लावायचं नाही, लाख विरघळते. एसएल-१२०० एमके२ वर ७८ चा वेगच नाही. एमके७, एसएल-१५००सी आणि एलपी१२०एक्सवर आहे. पण वेग असला तरी एलपीची सुई लावू नका. लाखेच्या तबकडीची खाच कितीतरी रुंद असते, बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि करकरीशिवाय काही ऐकू येत नाही. व्हीएम९५ कार्ट्रिज असेल तर तिच्यासाठी ७८ ची जाड सुई वेगळी मिळते आणि त्याच बॉडीत बसते. सर्वांत सोयीचं म्हणजे दुसरं हेडशेल आणि दुसरी कार्ट्रिज कायमची ७८ साठी ठेवणं. तिचा भार जास्त असतो, तेव्हा आपल्या आर्मचं मागचं वजन तिथपर्यंत पोहोचतं का ते घेण्याआधी पाहा, आणि हेडशेल बदललं की बॅलन्स पुन्हा शून्यापासून.